मथळा झाकून वाचणारे हनिफभाई

हनिफभाई वर्तमानपत्रातली यशोगाथा मथळा झाकून वाचत. डाव्या हाताचा पंजा मथळ्यावर आणि फोटोवर आडवा ठेवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात जायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, शिरूरच्या वाचनालयात. मला तीच पुरवणी हवी होती. बराच वेळ शेजारी घुटमळले आणि शेवटी विचारलं, "आपलं झालं का?"

"माझं झालंय. पर ह्याचं काय झालं ते कळंना," मान वर न करता ते म्हणाले आणि त्यांनी पंजा उचलला. खाली हाताची घडी घातलेला एक तरुण होता, मागे काचेची इमारत. मथळ्यात 'शून्यातून' हा शब्द ठळक छापलेला. "बघा मॅडम. वर म्हणतोय शून्यातून. आन् खाली चौथ्या परिच्छेदात मामाची पुण्यात जागा, त्या जागेत पहिलं ऑफिस. मामा म्हंजी शून्य व्हय?"

मी हसले. ते हसले नाहीत. पुरवणीची नीट घडी घालून त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि सायकल काढून निघून गेले.

मी शिरूरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. त्या वर्षी कुणालाच नको असलेला उद्योजकता कक्ष माझ्या गळ्यात पडला होता. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन बाकं आणि भिंतीवर चिकटवलेली यशस्वी माणसांची चित्रं. दर शनिवारी दुपारी पाच-पंचवीस मुलंमुली येत, मोबाईलवर कुणीतरी उद्योजक कसा घडला ते पाहत आणि डोळ्यांत तेज घेऊन घरी जात. मी त्यांना काय देत होते ते माझं मलाच कळत नव्हतं. वाचनालयात हनिफभाई पुन्हा भेटले तेव्हा मी त्यांना सहज म्हटलं, "एकदा आमच्या मुलांसमोर असं वाचून दाखवता का?" त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "येतो. पर माझी वळख करून द्यायची न्हाई. हार, नारळ, शाल, काय न्हाई."

त्यांच्याबद्दल मला तेव्हा फारच थोडं ठाऊक होतं. मूळ गाव वडगाव रासाई, वडील दौंडला रेल्वेत होते, पत्नी शाहीनभाभी दौंडलाच एका दवाखान्यात नर्स. स्वतः हनिफभाई न्हावरा रस्त्यावरच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात गोदाम सांभाळत, शिरूरला एका खोलीत राहत आणि सुट्टीला दौंडला जात. उंच, किंचित वाकलेला देह. अंगाला पेंडीचा वास. पूर्वी कधीतरी त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता आणि तो बसला, एवढं ऐकून होते. विचारायचं धाडस झालं नव्हतं.

पहिल्याच शनिवारी त्यांनी मुलांना विचारलं, "घरात पोरीचं लगीन ठरवायचंय. पोरगा बघायला गेलो. पोरगा म्हणला, मी लई कष्टाळू, लई निर्व्यसनी. आपण काय करतो? त्याच्या तोंडचं ऐकून सुपारी फोडतो व्हय?"

मुलं हसली. कुणीतरी म्हणालं, "चौकशी करतो."

"कुणाकडं?"

"शेजाऱ्याकडं. दुकानदाराकडं."

"आन् ज्याच्याशी त्याचं भांडण झालंय त्याच्याकडं. तो सगळ्यात खरं सांगतो." मग त्यांनी हातातला कागद वर धरला. "मग हितं का एकट्याचं ऐकून नोकरी सोडाय निघता? हा पोरगा स्वतःच स्वतःची सोयरीक सांगतोय. चौकशी करा त्याची."

तेव्हापासून शनिवारी 'चौकशी' होऊ लागली. एकजण गोष्ट वाचायचा, बाकीचे थांबवून प्रश्न विचारायचे. नोकरी सोडल्यावर ह्याचं घर कोण चालवत होतं? पहिलं गिऱ्हाईक ओळखीतलं होतं की परकं? हाच धंदा त्याच वेळी करणारे बाकीचे कुठे गेले? आणि हनिफभाईंचा ठरलेला प्रश्न, जो ते नेहमी खालच्या आवाजात विचारत: "हा पडला असता तर कुणाच्या अंगावर पडला असता?"

त्यांना गोष्टींचा तिटकारा होता असं मात्र मुळीच नाही. एखाद्या बाईनं पहिला माल परत आल्यावर काय केलं हे बारकाईनं लिहिलेलं सापडलं की ते लहान मुलासारखे खूश होत, तो भाग दोनदा वाचायला लावत. "हे घ्या. हे कामाचं हाय. हे तिनं सोसलंय." कुणी सगळंच थोतांड म्हणून झटकलं की त्याच्यावर चिडत. "खोटं नसतं रं त्यात. अर्धं असतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, फेकून दिलं असतं. अर्ध्याचं काय करायचं?"

दुसऱ्या वर्षी कोमल नावाची मुलगी शनिवारी येऊ लागली. आमच्याच कॉलेजातून बी.कॉम. होऊन एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागली होती. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ शिकत होता. तिला नोकरी सोडून भाजणी आणि तयार पिठांचा उद्योग काढायचा होता. एका महिला उद्योजिकेची मुलाखत तिनं पाठ होईपर्यंत पाहिली होती. त्या बाईंनी एका सकाळी राजीनामा लिहिला आणि मागे वळून पाहिलं नाही, असं त्यात होतं.

हनिफभाईंनी विचारलं, "घरात कमावतं कोण?"

"मीच."

"मग नोकरी ठिवून सुरू कर. रविवारी दळ, रविवारी विक."

"अर्धवट करून काही होत नाही, सर. ह्या मॅडमनी एवढा विचार केला असता तर त्या आज इथं असत्या का?"

"त्या हितं हायत म्हणून आपण त्यांचं बघतोय, पोरी. ज्यांनी असाच राजीनामा दिला आन् ज्या हितं न्हाईत, त्यांची मुलाखत कोण घेतंय?"

कोमल उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग आला असावा. "सर, तुम्हाला जमलं नाही म्हणून तुम्ही आम्हाला अडवताय. मी बघितलंय मोबाईलवर तुमचं नाव टाकून. तुमचं छापून आलेलं आहे माझ्याकडे. तुम्ही जळता आमच्यावर."

मी तिला बोलायला पुढे झाले तर हनिफभाईंनी हातानं मला थांबवलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता. "काढ ती गोष्ट. वाच मोठ्यानं."

तिनं मोबाईल काढला. मथळा होता 'एकट्याच्या जिद्दीचा गोडवा'. खुटबावच्या गुऱ्हाळातून निघालेल्या, कुठलंही रसायन नसलेल्या गुळाच्या चौकोनी वड्या, त्या वड्यांची कंपनी आणि ती उभारणारा हनिफ मुलाणी. कोमल वाचू लागली आणि ते एकेका वाक्याला तिला थांबवू लागले.

"'वडिलांकडून एक पैसाही न घेता...'"

"थांब. पैसा घेतला न्हाई, खरंय. माझी पोरं अब्बांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली. धान्य त्यांचं, दूध त्यांचं, शाळेची फी त्यांची. शाहीन दवाखान्यात दुहेरी ड्युट्या करत व्हती. ते पैशात धरलं न्हाई मी. फुडं वाच."

"'एके दिवशी चहा पिताना त्यांच्या मनात कल्पना चमकली...'"

"कल्पना माझी न्हाई. ज्ञानदेवाची. गुऱ्हाळ त्याचं. आम्ही दोघं दौंडला एका वर्गात शिकलो. बिनऔषधाच्या गुळाची वडी पावसाळ्यात पाघळती. ती पाघळू नये म्हणून त्यानं एक अख्खा हंगाम घातला. कितीदा गूळ बिघडला, कितीदा तो जनावरांना घातला, मोजलं न्हाई कुणी. माझं काम पाकिटं आन् गिऱ्हाईक. आता फोटो मोठा कर. उजव्या कडंला बघ."

कोमलनं फोटो मोठा केला. रस आटवायच्या काहिलीसमोर हातात वड्यांचं ताट धरलेले तरुण हनिफभाई. उजव्या कडेला, फोटो जिथे कापला होता तिथे, कुणाचा तरी कोपर होता.

"तो ज्ञानदेव," हनिफभाई म्हणाले.

कोमल खाली बसली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं. वार्ताहराला दोघांची नावं दिली. तो म्हणला, दोन नावं आली की गोष्ट पातळ व्हती, एकच ठिवू. मी म्हणू शकलो असतो, मग छापू नका. तसं म्हणालो न्हाई. गुंतवणूकदार यायचे व्हते आन् त्यांनाबी एकच माणूस पाहिजे व्हता." त्यांनी चष्मा काढून बाकावर ठेवला. "छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानदेव नेहमीसारखा आला. त्या दिवसाचा गूळ काढला. हात धुतले आन् म्हणला, 'आता तुझं तू बघ.' मला वाटलं, बघू. गुंतवणूकदारांनी एमआयडीसीत शेड घेतली, मशिनं आणली. पहिल्याच पावसाळ्यात वड्या पाघळल्या. दुकानदारांनी पाकिटं परत पाठवली, मुंग्या लागलेली. मशिनला काय म्हायती, काहील कवा उतरायची. मी ज्ञानदेवाकडं जायला पाहिजे व्हतं. पर तवर माझाच त्या गोष्टीवर इश्वास बसला व्हता. एकट्यानं केलंय म्हटल्यावर इचारायचं कुणाला?"

त्या शनिवारी मुलं नेहमीसारखा गलका न करता गेली. कोमल दारात थबकली आणि निघून गेली. पुढच्या आठवड्यापासून ती येईनाशी झाली.

महिन्याभरानं हनिफभाई मला म्हणाले, "मॅडम, खुटबावला ज्ञानदेवाकडं येता का माझ्याबरोबर? बाईमाणूस बरोबर असलं की तो शिव्या द्यायचा न्हाई." हसायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. मी दौंडला गेले आणि तिथून आम्ही डेमू लोकलनं खुटबावला उतरलो. खिडकीतून उसाचे फड मागे जात होते आणि हनिफभाई आपल्या तळहाताकडे पाहत बसले होते.

ज्ञानदेव गुऱ्हाळावर भेटले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, गुळानं चिकट झालेली बंडी. त्यांनी आम्हाला पाहिलं, हातातलं काम पुरं केलं आणि मगच पुढे आले. मला खुर्ची दिली. हनिफभाईंना बाजेकडे हात केला. चहा मागवला. बराच वेळ उसाच्या भावाबद्दल आणि पाऊसपाण्याबद्दल बोलणं झालं, जणू रोज भेटणारी माणसं. शेवटी हनिफभाई म्हणाले, "ज्ञाना, माझ्याकडनं चूक झाली. तुझं नाव..."

"कंदी?" ज्ञानदेव म्हणाले. त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी विचारलं.

"पेपरात. तवा."

ज्ञानदेवांनी बशीतला चहा संपवला. "आईला वाचता येत नव्हतं, हनिफ. तिला कुणीतरी सांगितलं, तुमच्या गुऱ्हाळाचं छापून आलंय. तिनं पेपर मागवला. मला म्हनली, वाच रं, काय लिव्हलंय तुझ्याबद्दल." ते माझ्याकडे वळले, जणू पुढचं मला सांगायचं होतं. "मी वाचलं. माझं नाव घालून वाचलं, बाई. ज्ञानदेवानं हे केलं, ज्ञानदेवानं ते केलं. जे न्हवतं ते समदं वाचलं. म्हातारी लई खूश झाली. आळीत सांगत फिरली. लोकं तिच्या तोंडावर काय बोलली न्हाईत, पर माघारी हसली. मरूस्तोवर तिला कळलं न्हाई. मला रोज कळत व्हतं."

हनिफभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. ज्ञानदेव उठले नाहीत, जवळही गेले नाहीत. काहिलीखालचा जाळ तेवढा फुरफुरत होता. थोड्या वेळानं ज्ञानदेव म्हणाले, "बरं झालं आलास. मनात व्हतं ते बोलून झालं. आता परत येऊ नगंस."

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात गुळाची एक लहान ढेप दिली. हनिफभाईंना काही दिलं नाही.

त्यानंतर हनिफभाईंनी एक गोष्ट जिद्दीनं केली. ज्या वर्तमानपत्रानं त्यांची कथा छापली होती, तिथे जाऊन त्यांनी खरी हकिकत सांगितली आणि ती छापा म्हणून विनंती केली. कार्यालयातला माणूस तरुण होता, सभ्य होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, लोकांना सकाळी सकाळी असं वाचायला नको असतं. तुम्ही पुन्हा उभे राहिलात की कळवा. मग दोन्ही मिळून झकास होईल." हे मला सांगताना हनिफभाई चिडलेले नव्हते. "त्याचं चुकलं न्हाई. पडलेला माणूस परत उठला तरच तो पडला व्हता असं मानायची रीत हाय. पडूनच राहिला तर तो गोष्टीत बसत न्हाई," एवढंच म्हणाले.

जुनी गोष्ट मोबाईलवरून फिरत राहिली. कधी कुणी अनोळखी तरुण गोदामावर येऊन त्यांच्या पाया पडे, 'तुमच्यापासून प्रेरणा घेतली' म्हणे. ते त्याला बसवून खरं काय ते सांगत. बहुतेकजण चुळबुळत ऐकत आणि लवकर उठत. एकजण तर जाता जाता म्हणाला, "सर, तुमचा मोठेपणा आहे हा." हनिफभाई त्या दिवशी जेवले नाहीत.

साखरेचा आजार त्यांना कंपनीच्या काळातच लागला होता आणि त्यांनी तो कधी मनावर घेतला नाही. गोदामात पायाला लागलेली एक जखम चिघळली. आधी बोटं गेली, मग मूत्रपिंडं थकली. नोकरी सुटली, ते दौंडला घरी आले. शाहीनभाभी दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी येत आणि पुन्हा तीच ड्यूटी सुरू करत. एकदा मी भेटायला गेले तेव्हा त्या त्यांच्या पायाची पट्टी बदलत होत्या. हनिफभाई मला म्हणाले, "मॅडम, मी पडलो तर कुणाच्या अंगावर पडलो बघा." भाभी मान खाली घालूनच म्हणाल्या, "हलू नका. पट्टी सुटेल."

शेवटच्या उन्हाळ्यात कोमल त्यांना भेटायला गेली. नोकरी तिनं सोडली होती. पहिले काही महिने फार वाईट गेले, भावाची शाळा सुटायची वेळ आली, पण आता आईच्या आणि चुलतीच्या मदतीनं पिठांचं बरं चाललं होतं. तिनं हे सांगितल्यावर हनिफभाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला फोनवर म्हणाले, "मी चुकलो, मॅडम. लई बरं वाटलं." मग थोड्या वेळानं, "पर तिला तुम्ही सांगा, मी चुकलो म्हणून दुसऱ्या पोरींना तिनं राजीनामा द्यायला सांगू नये. तिची आई आन् चुलती दुसऱ्यांच्या घरात नसत्यात."

दिवाळीच्या आधी ते गेले. मातीसाठी त्यांना वडगाव रासाईला आणलं, भीमेच्या काठच्या त्यांच्या गावी. मी शिरूरहून पोहोचले तेव्हा पुरुषमंडळी कब्रस्तानाकडे निघाली होती. मी घरात बायकांजवळ बसले. शाहीनभाभींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, किती दिवसांनी बसल्या असतील कोण जाणे, आणि बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. कुणीही त्यांना उठवलं नाही.

शनिवारच्या मुलांपैकी दोघं-तिघं आले होते. बाकीची आपापल्या कामांना लागली होती. कॉलेजनं आता शनिवारच्या तासाला एक वक्ता ठरवला आहे. तो माईक हातात घेऊन बोलतो आणि जिन्याखालची खोली पुरत नाही म्हणून सभागृह द्यावं लागतं. मी मागच्या रांगेत बसते. मुलांची तोंडं उजळलेली दिसतात. मला त्यांचा राग येत नाही. काहीजणांना मी नंतर थांबवून घेते आणि आम्ही एखादी गोष्ट हनिफभाईंच्या पद्धतीनं वाचतो. पाच-सहाजण राहतात, परीक्षा जवळ आली की दोघं.

त्या दिवशी माणसं कब्रस्तानातून परतू लागली तेव्हा मी निघायला म्हणून रस्त्यावर आले. समोरून ज्ञानदेव येत होते. त्यांना कुणी कळवलं होतं मला ठाऊक नाही. पांढरा सदरा, बोटांच्या पेरांत ओली माती. मला ओळखून ते थांबले. मी म्हटलं, "तुम्ही आलात."

त्यांनी मान हलवली. मोटरसायकलला किल्ली लावली, ती काढली, पुन्हा लावली. नदीकडून गार वारा येत होता आणि त्यांनी तिकडेच पाहत म्हटलं,

"माणूस वाईट नव्हता, बाई. घाईत व्हता."